काळी फीत आणि पदकं : सीमाभागातल्या मराठी शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक, शिक्षिका आणि शाळा सुधारणा कमिटीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच एका शाळेतून बाहेर पडलेली मुलगी. खानापूर तालुक्यात नंदगडच्या जवळ आमचं गाव. सातवीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले, पुढं नंदगडला, मग बेळगावात इंजिनिअरिंग. वडील उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये शिष्यवृत्तीवर इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात गेले, दोन वर्षं मेकॅनिकल शिकले, परत आले आणि आता उद्यमबागेतच काम करते. तुमच्याकडं एक मागणं आहे. ते माझ्या मनात कसं आलं ते आधी सांगते, म्हणजे त्यामागचं दुखणंही तुम्हाला कळेल.

आमच्या घरात १ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ मध्ये आमचा मराठी भाग आजच्या कर्नाटकात गेला त्या दिवशी, चूल उशिरा पेटायची. आजोबा पहाटे अंघोळ करून पांढरा सदरा चढवायचे, आजी त्यांच्या दंडाला काळी फीत बांधायची, आणि ते पहिल्या गाडीनं बेळगावला निषेध फेरीला जायचे. आठ वर्षांची असताना एकदा मलाही नेलं. एका रस्त्यानं काळे झेंडे चालले होते. चन्नम्मा चौकाकडून लाल-पिवळे झेंडे आणि कर्नाटक राज्योत्सवाची गाणी ऐकू येत होती. मधे लाठ्या घेऊन पोलीस. मी आजोबांचं बोट घट्ट धरून विचारलं, "आपण कुठले?" ते म्हणाले, "आमी म्हाराष्ट्राचे गं बाय, खरं अजून वाटंत हाव."

हेच आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं होते. १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर गेले. दर २६ जानेवारीला ते ट्रंक उघडायचे, पदकं मऊ फडक्यानं पुसायचे आणि छातीला लावून शाळेच्या झेंडावंदनाला यायचे. तुम्ही त्यांना खुर्ची द्यायचात, नारळ द्यायचात. काळी फीत आणि पदकं एकाच ट्रंकेत, एकाच कप्प्यात असायची. लहानपणी मला ही दोन वेगळी माणसं वाटायची. एक आजोबा सरकारवर रुसलेले आणि एक सरकारसाठी लढलेले. या दोघांना जोडणारं काय आहे हे मी कधी विचारलं नाही आणि शाळेतही कुणी सांगितलं नाही. तिरंगा आमच्याकडं वर्षातून दोन दिवस बाहेर निघायचा. बाकीच्या दिवसांत प्रश्न एकच, मराठी का कन्नड.

बोलोन्याच्या वर्गात आम्ही चौदा देशांतून आलेले विद्यार्थी होतो. पहिल्या दिवशी एकेकानं उठून आपला देश सांगायचा होता. मी "इंडिया" म्हणाले आणि बसले. कुणी पुढं काही विचारलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा मी कुठली हे सांगून झालं आणि त्यावर वाद झाला नाही. गावाचं नाव सांगितलं तरी आमच्याकडं वाद होतो. बेळगाव म्हणायचं का बेळगावी, एवढ्यावरनं समोरचा माणूस आपल्याला कुठल्या खात्यात टाकायचं ते ठरवतो. त्या रात्री खोलीवर मला झोप आली नाही. इतकी वर्षं ज्या शब्दाचं ओझं कधी जाणवलं नाही, त्याच शब्दानं मला उभं राहायला जागा दिली होती.

खरा प्रश्न आठवड्याभरानं आला. शेजारच्या बाकावर बोल्झानोची एक मुलगी होती. नागरिक इटलीची, घरची भाषा जर्मन. तिनं विचारलं, "भारतात कुठली?" मी अडखळत सगळं सांगितलं. राज्य कर्नाटक, भाषा मराठी, १९५६ ची पुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा. मला वाटलं होतं हिला काही कळणार नाही. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग तिनं आपल्या मुलखाची हकीकत सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर तिचा डोंगराळ प्रांत ऑस्ट्रियाकडून इटलीकडं आला. मुसोलिनीच्या राजवटीत तिथल्या जर्मन शाळा बंद झाल्या. मग शिक्षिका घराघरांतून, तळघरांतून, लपूनछपून पोरांना मातृभाषेत वाचायला शिकवू लागल्या. त्या शाळांना लोक भुयारी शाळा म्हणायचे. तिची पणजी तशाच एका शाळेत शिकली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाचा करार झाला, आणि १९७२ मध्ये भक्कम स्वायत्तता मिळाली. आता तिथं पाट्या दोन्ही भाषांत, शाळा आपापल्या भाषेत, आणि सरकारी नोकरी हवी असेल तर दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. जर्मन घरातल्यालाही आणि इटालियन घरातल्यालाही.

मग तिनं मला विचारलं, "तुमच्याकडच्या शाळा कधी बंद केल्या?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. आमच्या गावची शाळा सरकारी होती. कर्नाटक सरकारच्या पगारावर माझे गुरुजी मला मराठीतून गणित शिकवत होते. शिक्षक कमी पडतात, परिपत्रकं फक्त कन्नडात येतात, मराठीतून कागद मागायला गेलेल्या म्हाताऱ्यांना खिडकीवरून परत पाठवतात, हे सगळं मी पाहिलंय आणि त्याचा राग आजही आहे. पण भुयारात बसून बाराखडी गिरवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी त्या रात्री आपली राज्यघटना उघडून वाचली. लाज वाटते सांगायला, पण स्वतःहून ती पहिल्यांदाच उघडली. कलम ३५०-अ. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी प्रत्येक राज्यानं सोय करण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. आणि हे कलम घटनेत कधी आलं? १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं. त्याच दुरुस्तीनं राज्यांच्या नव्या सीमा घटनेत लिहिल्या गेल्या. ज्या १ नोव्हेंबरला आम्ही काळी फीत बांधतो, त्याच दिवशी ही दुरुस्ती लागू झाली. सीमा आखतानाच देशाला माझ्यासारख्या मुलीची आठवण होती. तिची पुरती अंमलबजावणी झाली नाही हे खरं. पण तशी आठवण ठेवणाऱ्या देशाची मी आहे, हे मला शाळेच्या पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अगदी छोटी आहे. पाकिटात शंभराची एक नोट होती, आजीनं निघताना हातात ठेवलेली. एका दुपारी कँटीनमध्ये ती टेबलावर पडली आणि सगळे त्यावरची अक्षरं बघू लागले. युरोच्या नोटांवर जे पूल छापलेत ते कुठल्याच देशातले नाहीत, मुद्दाम काल्पनिक काढलेत, म्हणजे कुणी रुसायला नको. आपल्या नोटेवर सतरा भाषा आहेत. मागच्या पट्टीत पंधरा ओळी. चौथी ओळ कन्नडाची, आठवी मराठीची, मधे काश्मिरी, कोकणी आणि मलयाळम. मी बोट ठेवून वाचून दाखवलं, "नूरु रूपायिगळु... शंभर रुपये." एकजण म्हणाला, "म्हणजे तुला यातल्या दोन येतात?" मी म्हटलं, हिंदी-इंग्रजी धरून चार. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडं बघत होते. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी घशात काहीतरी अडकलं, कारण कन्नड येतं हे मी खोटं बोलले होते. एवढे दोन शब्द वाचता आले, इतकंच.

ते खोटं दोनच आठवड्यांनी उघडं पडलं. शिष्यवृत्तीच्या कार्यालयानं वडिलांचा उत्पन्नाचा दाखला मागितला होता. भाषांतर जोडलेलं होतं, पण मूळ कागदावरच्या एका नोंदीबद्दल त्यांना शंका आली. खिडकीतल्या बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "हे तुमच्याकडचंच आहे ना? इथं काय लिहिलंय?" एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मला कन्नडात बरे मार्क होते. निबंध पाठ केले होते, पत्रलेखन पाठ केलं होतं. पण त्या कागदावरची कचेरीची कन्नड मला लागेना. शेवटी हुबळीच्या एका सिनियर मुलीला फोन लावला. ती पावसात भिजत आली आणि तिनं तो कागद मला वाचून दाखवला. वडिलांचं नाव, गाव, धंदा, वर्षाची कमाई. माझ्या बापानं भट्टीपुढं उभं राहून मिळवलेल्या पैशाचा कागद, आणि तो दुसऱ्याच्या लेकीकडून वाचून घ्यावा लागला. ती वाचत असताना एकदाही हसली नाही. उलट रात्री तिच्या खोलीवर जेवायला घेऊन गेली. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. घास तोंडात गेला आणि मला आमच्या परसातला वास आला.

गुरुजनहो, इथं मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचंय. आम्हाला कन्नड शिकवलं गेलं ते शिक्षा म्हणून. तास लागला की वर्गात आठ्या पडायच्या, आणि काही वेळा त्या आमच्या आधी शिकवणाऱ्याच्या कपाळावर असायच्या. आमच्या घरांतही तेच. जी भाषा लादली ती शिकायची नाही, हा बाणा आम्हाला देशभक्तीसारखा वाटायचा. त्यात कुणाचं काय गेलं? तहसील कचेरीतल्या खिडकीचं काही गेलं नाही. माझं गेलं. शेजारच्या तालुक्यातली वचनं, लावण्या, शिव्यासुद्धा मला परक्या राहिल्या. आणि आजोबांच्या पलटणीत बैलहोंगलचा एक हवालदार होता, त्याच्याकडून ते कन्नड पदं शिकले होते, अजूनही शेतात गुणगुणतात, हे मला तिकडून फोनवर विचारल्यावर कळलं. वीस वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं.

डिसेंबर २०२१ ची आठवण तुम्हा सगळ्यांना असेल. बंगळूरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली, आणि बेळगावात अनगोळला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. बोलोन्यात बर्फ पडत होता आणि मी आणि ती हुबळीची मुलगी एकाच फोनवर त्या बातम्या बघत बसलो होतो. कोण काय म्हणणार? ती हळूच म्हणाली, "निन्न राजा, नन्न रायण्णा." तुझा राजा, माझा रायण्णा. मला ते इतकं टोचलं. कारण रायण्णाला फाशी दिली ती आमच्या नंदगडला. त्याची समाधी तिच्या हुबळीत नाही, माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. मग तो एकट्या तिचाच कसा?

पंधरा ऑगस्टला इटलीत सुट्टी असते. त्यांचा मोठा सण, फेर्रागोस्तो. शहर ओस पडतं, दुकानं बंद, रस्त्यावर नुसतं ऊन. २०२२ च्या त्या सकाळी आम्ही पंधरा-सोळा भारतीय मुलं हॉस्टेलच्या अंगणात जमलो. तमिळ, मल्याळी, पंजाबी, आसामी, काश्मिरी, बंगाली. झेंडा काठीला बांधला होता, काठी गॅलरीच्या लोखंडी गजाला. राष्ट्रगीत सुरू झालं. मी हे गीत शाळेत रोज म्हटलंय, हजारदा तरी म्हटलं असेल, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यात "मराठा" आणि "द्राविड" हे शब्द शेजारी शेजारी येतात. मधे श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही, एका दमात म्हणावे लागतात. आमचा सीमाभाग त्या दोन शब्दांच्या मधला आहे. डावीकडं हुबळीची मुलगी उभी होती, तिचा आवाज माझ्यात मिसळला. मला पुढच्या ओळी नीट म्हणता आल्या नाहीत.

वर्गात ढाक्याचा एक मुलगा होता. त्याला कळलं की माझे आजोबा १९७१ मध्ये लढले. त्यानं व्हिडिओ कॉल लावायला लावला. आजोबा अंगणात खाटेवर, मागं भाताची गंजी, नेट अडकत होतं. त्या मुलानं मोडक्या हिंदीत त्यांना सांगितलं, "दादाजी, आमच्या घरात तुमच्या फौजेबद्दल माझी आजी अजून बोलते." आजोबांनी मिलिटरीत बसतात तसं ताठ होऊन ऐकलं. मग २१ फेब्रुवारी १९५२ ची गोष्ट त्या मुलानं मला सांगितली. बांगला भाषेसाठी ढाक्यात विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या, तो दिवस आता जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळतात. त्याचा देश एका भाषेच्या अपमानातून वेगळा झाला. माझ्या देशात भाषांची भांडणं झाली, माणसं मेली, १७ जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या आपल्या हुतात्म्यांना फुलं वाहतो. तरी आपण भांडतो ते घटनेचं पुस्तक हातात घेऊन, आणि दाद मागायला जातो ते एकाच न्यायालयात. हे मला त्याच्याशी बोलताना समजलं.

फोर्ली नावाच्या शहरात मला तोच घेऊन गेला. बोलोन्याहून रेल्वेनं तासाभराची वाट. वाटेत कास्तेल बोलोन्येसे सोडल्यावर गाडी एका नदीवरून जाते. लहानशी, दोन्ही काठांना उंच मातीचे बांध. तिचं नाव सेनिओ. ९ एप्रिल १९४५ ला या नदीच्या काठी नामदेव जाधव नावाच्या शिपायानं जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडं आणलं, स्वतः जखमी असताना मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि मग बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, वरच्या तिबर खोऱ्यात यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले आणि ते ठाणं घेऊन तिथंच पडले. वय बावीस. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्या रेजिमेंटचं केंद्र आमच्या बेळगावात, कँपात, जिथून जाताना आम्ही भिंतीवरून उड्या मारणारे रिक्रूट बघायचो.

फोर्लीत हिंदी सैनिकांची स्मशानभूमी आहे. मुसलमान जवानांच्या कबरी, आणि दहन झालेल्या हिंदू-शीख जवानांची नावं दगडात कोरलेली. गवत नेटकं कापलेलं. मी नावं वाचत गेले. आडनावं सगळी आपल्या गल्लीतली. इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून जास्त हिंदी जवान मेले. ती पोरं ब्रिटिशांच्या हुकुमानं गेली होती, त्यांना मत नव्हतं, पासपोर्ट नव्हता, स्वतःचा म्हणावा असा स्वतंत्र देश नव्हता. ज्या कंपनी सरकारनं १८३१ मध्ये रायण्णाला फासावर दिलं, त्याच गादीसाठी शंभर-सव्वाशे वर्षांनी आमच्याच भागातले तरुण मेले. हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही, आणि अजूनही त्याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. पण त्या दगडाजवळ उभी असताना एवढं जाणवलं की माझ्या खिशात जो निळा पासपोर्ट आहे तो या नावांना मिळाला नाही. आणि ढाक्याचा मुलगा जरा लांब एका कबरीपाशी उकिडवा बसून वाळकी पानं वेचत होता. मी आजोबांना फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला. काही बोलले नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "माझ्या नावानं दोन फुलं ठेव."

तिथं मला ट्रंकेतली काळी फीत आणि पदकं आठवली. आजोबा दोन माणसं नव्हते. आपल्या भाषेसाठी भांडायचा हक्क त्यांना या देशात आहे म्हणूनच ते दंडाला फीत बांधत होते, आणि तो हक्क ज्या देशानं दिला त्याच्यासाठी छातीला पदकं.

मे २०२३ मध्ये त्या भागात मोठा पूर आला. सेनिओ बांध फोडून कास्तेल बोलोन्येसेत शिरली. विद्यापीठातली पोरं फावडी, बादल्या, रबरी बूट घेऊन चिखल उपसायला गेली, आम्हीही गेलो. मला ऑगस्ट २०१९ आठवत होता. आमच्या कणकुंबीत उगम पावलेली मलप्रभा पुढं जाऊन रामदुर्गाकडं घरं बुडवत होती. आमची ही नदी मराठी मुलखात जन्मते आणि कन्नड मुलखात मोठी होते. तर तिथं एका म्हातारीच्या घरातला चिखल आम्ही काढत होतो. तिनं विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, भारताच्या. ती "इंदियानी" असं म्हणाली आणि माझा चिखलानं भरलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला. युद्धाच्या शेवटी तिच्या आईला भारतीय शिपायांनी भाकरीसारखं काहीतरी गरम गरम दिलं होतं, आई मरेपर्यंत ते सांगायची. मी तिला हातवाऱ्यांनी दाखवलं, असं थापतात, असं भाजतात. ती मान हलवत राहिली.

आता मागणं. बोलोन्याच्या मुख्य चौकाला लागून एका भिंतीवर दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांशी लढताना मेलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांचे फोटो लावलेत. विद्यापीठातून घरी जाताना मी रोज तिथून जायचे. कितीदा तरी पाहिलं, एखादी शिक्षिका दुसरी-तिसरीची पोरं घेऊन भिंतीपुढं उभी आहे. भाषण नाही, घोषणा नाही. ती एका फोटोवर बोट ठेवते, हा इथं मागच्या गल्लीत राहायचा, बेकरीत कामाला होता. पोरं ऐकतात. मला तेव्हा तुमची आठवण यायची. माझ्या गावच्या शाळेपासून दीड कोसावर नंदगडचा, रायण्णाच्या समाधीजवळचा वड आहे. पंधरा वर्षांत एकाही सहलीत मला तिथं कुणी नेलं नाही. आम्हाला रायगडला नेलं, पन्हाळ्याला नेलं, आणि ते नेलंत म्हणून मी तुमची ऋणी आहे. पण दारातला वड राहिला.

रायण्णाचा जन्म १५ ऑगस्टचा मानतात, आणि २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडला फाशी झाली. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये इंग्रजांशी लढाई दिली, आणि राणीच्या मागं रायण्णानं ती आमच्या खानापूरच्या जंगलात चालू ठेवली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला बायका पाळणे बांधतात, असा शूर पोर पोटी यावा म्हणून. परत आल्यावर मी आजीला म्हटलं, मला तिथं जायचंय. आजी म्हणाली, "तुझ्या आईनं बांदला हुता की पाळणा, तुझ्या येळंला." म्हणजे ज्याला मी पंचवीस वर्षं परका मानलं, त्याच्या नवसानं मी जन्मले.

अशी किती नावं सांगू. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते बेळगावात, डिसेंबर १९२४ मध्ये. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आहे, पोरं तिच्यावरून रोज क्लासला जातात. अधिवेशन उभं केलं गंगाधरराव देशपांड्यांनी. हुदलीचा माणूस, लोकमान्यांचा अनुयायी, आत्मचरित्र मराठीत लिहिलं आणि लोकांनी त्यांना पदवी दिली ती "कर्नाटक सिंह". टिळकांची होमरूल लीग १९१६ मध्ये बेळगावातच स्थापन झाली. आणि सुळेभावीच्या कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व आपण सगळे आपले म्हणून ऐकतोच. यातलं जवळजवळ सगळं मला बोलोन्यात, रात्री जागून, वर्गातल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून शोधावं लागलं. ते तुमच्या हातात आहे. पाठ्यपुस्तकात नसलं तरी एका एसटीच्या तिकिटाच्या अंतरावर आहे. पोरांना घेऊन जा. भाषण करू नका, बोट ठेवून दाखवा.

आणि कन्नड प्रेमानं शिकवा. शिकवायला कन्नड शाळेतल्या बाईंना बोलवा, आपली पोरं त्यांच्याकडं पाठवा, त्यांची आपल्याकडं येऊ द्या. कथा सांगू दे, गाणी म्हणू दे. कचेरीतला कागद आमच्या पोरांना स्वतः वाचता आला तर त्यावर हक्कानं भांडताही येईल. शेजारच्या कन्नड शाळांतल्या गुरुजींनाही मी हेच विनवणार आहे, त्यांच्या पोरांना मराठी कळू द्या. ते पत्र कन्नडात लिहायला घेतलंय, हुबळीची मैत्रीण तपासून देते, चुका अजून पुष्कळ निघतात.

काहीजण विचारतील, मग सीमाप्रश्न सोडून द्यायचा का? माझ्या घरात तो कुणी सोडलेला नाही. आजोबा आता ऐंशीच्या घरात आहेत, गेल्या १ नोव्हेंबरलाही मी त्यांच्या दंडाला फीत बांधली, आजीचे हात आता थरथरतात म्हणून. न्यायालयाचा निकाल काय यायचा तो येईल. तोवर आणि त्यानंतरही आमची पोरं शिकायला, नोकरीला दूर जाणार आहेत. बोल्झानोच्या मैत्रिणीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मला मेसेज केला, तिच्याच प्रांतातल्या जर्मन घरातल्या यानिक सिनरनं इटलीला टेनिसचा डेव्हिस कप जिंकून दिला होता, आणि तिची आजी टीव्हीपुढं बसून जर्मनमध्ये ओरडत इटलीला टाळ्या देत होती. मी तो मेसेज आजोबांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

येत्या २६ जानेवारीला शाळेचं झेंडावंदन झालं की मी आजोबांना घेऊन नंदगडच्या वडाखाली जाणार आहे. ते पदकं लावून येणार आहेत आणि जामालपूरच्या लढाईची गोष्ट सांगायला तयार आहेत. बैलहोंगलच्या त्यांच्या जुन्या हवालदाराच्या मुलाला निरोप पाठवलाय, तो आपल्या वडिलांची पदं म्हणेल. तुमच्या शाळेची मुलं येणार असतील तर अकराच्या आत या, नंतर ऊन होतं आणि गर्दीही वाढते. दोनशे पोरांना पुरतील एवढ्या भाकरी आणि चटणी आमच्या गल्लीतल्या बायका करणार आहेत. पाण्याच्या बाटल्या मात्र पोरांनी घरून आणाव्यात.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेची माजी विद्यार्थिनी